पाहुणताप

अण्णा,

२२ फेब्रुवारी १९४४, सकाळी सव्वादहा. सांगलीच्या घराचं स्वयंपाकघर. आईने चुलीपुढून उठताना भिंतीला हात टेकला आणि म्हणाली, "आज अंग फार तापलंय हो." तुम्ही पाटावर बसून भाकरी कुस्करत होता. मान वर न करता म्हणालात, "पाहुणताप! पाहुणे हलले की उतरेल." अख्खी पंगत हसली. गुन्हा इथे घडला. मी हातात आमटीचं भांडं घेऊन घड्याळासमोरच उभी होते, तेव्हा वेळेबद्दल वाद घालू नका.

माणसांना नावं ठेवणारे पुष्कळ असतात, तुम्ही माणसांच्या खोडींना नावं ठेवायचात. त्याचं कारण मला पुढे उमगलं. तुम्ही हळदीचे अडते, आणि सौद्यात तोंड उघडायची सोयच नव्हती. रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, चेहरा दगडाचा ठेवायचा. दिवसभर असा मुका धंदा करून तुम्ही घरी यायचात आणि मग जीभ सुटायची. निरोप घेऊन झाल्यावर दारात ज्याला खरं बोलणं आठवतं, तो उंबरठेवाईक. सौद्यात हमरीतुमरीवर आलेले दोघे व्यापारी शेवटी एकमेकांपुढे डबी धरतात, तो तपकीरतह. मयताच्या घरी लाजत लाजत लागते, ती सुतकी भूक. सकाळी पेढीवर निघालेलं नाव संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर ऐकू यायचं. लोक म्हणायचे, काय माणूस आहे! मलाही अभिमान होता. खोटं कशाला सांगू, शाळेत मी तुमची नावं इंग्रजीत करून सांगायची आणि मुली हसून लोळायच्या.

पाहुणताप हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. माल घेऊन आलेला शेतकरी अडत्याकडेच उतरणार आणि जेवणार, ही पेठेची रीत. जेवण मनासारखं नसेल तर पुढच्या हंगामात त्याच्या गाड्या दुसऱ्याच्या दारात. म्हणून हळदीच्या दिवसांत आई पहाटेपासून भाकऱ्या थापायची. अशा वेळी कुणाच्या बायकोने कपाळाला हात लावला की तो पाहुणताप. म्हणजे सोंग. तुमच्या नावातच निकाल असायचा, चौकशीला जागाच नाही.

मी नुकतीच पांचगणीची कॉन्व्हेंट शाळा संपवून आले होते. मी म्हटलं, "अण्णा, थर्मामीटर आणू या का? मदर म्हणायच्या, ताप अंदाजाने सांगू नये."

"घ्या! हिला पांचगणीचं पडसं झालंय," तुम्ही पंगतीला म्हणालात. "यात नाक वाहत नाही. वर जातं."

पुन्हा हशा. टोकाला बसलेला म्हातारा बागायतदार आईकडे बघून म्हणाला, "वैनी, आमी हाय तवर काय तुमचा पावनताप उतरत न्हाई बगा! वाढा आनि येक भाकरी." आणि आईसुद्धा हसली, अण्णा. पदर तोंडाला लावून हसली, पुन्हा चुलीपुढे बसली आणि त्याला भाकरी थापून दिली. ती न हसती तर काय करती? अंगावर ताप आणि वर चेष्टा न कळणारी बाई म्हणून लौकिक, दोन्ही तिने कसं सोसायचं!

दुसऱ्या दिवशी भाकरी उलटताना ती बरगडी धरत होती. श्वास आखूड. मी तुम्हाला न विचारता डॉक्टरांकडे गेले. तुमचेच स्नेही, रोज संध्याकाळी तुमच्या गादीवर लोडाला टेकून बसणारे. मी सगळं सांगितलं. कापरं, धाप, बरगडीतली कळ. त्यांनी ऐकलं आणि डोळे मिचकावून विचारलं, "पाहुणे गेले का?"

"नाही."

"मग जाऊ देत की! अण्णांचं निदान माझ्यापेक्षा पक्कं असतं." दवाखान्यातले दोघेतिघे रोगीसुद्धा हसले. त्यांनाही ते नाव ठाऊक होतं.

हे मला तुमच्यापुढे नीट मांडायचं आहे. वैद्यकाची पदवी घेतलेल्या माणसाने तुमच्या विनोदावर विसंबून रोगी तपासला नाही. इतकं ते नाव चांगलं जमलं होतं. तिसऱ्या दिवशी आई चुलीपुढेच कलंडली तेव्हा ते आले, छातीला नळी लावली, आणि मग कुणाच्याच तोंडाकडे बघेनात. दोन्ही फुफ्फुसं भरली होती. पुढचा आठवडा तिने पाहिला नाही. शेतकरी मात्र तिच्या मातीला थांबले, तेवढी माणुसकी त्यांच्यात होती. तेराव्याला तुम्ही तिसऱ्यांदा आमटी मागून घेतलीत. मी तुमच्याकडे टक लावून बघत होते. त्या भुकेचं नाव तुम्हाला माहीत होतं, मलाही माहीत होतं. कुणीच उच्चारलं नाही.

मग सुरू झाला तुमचा नवा उद्योग. घरात कुणी खोकलं की डॉक्टर. कामवालीच्या बोटाला चटका बसला की डॉक्टर. मला शिंक आली तर तुम्ही सौदा सोडून उठायचात. लोक म्हणायचे, बिचारा किती जपतो. मला ते बिचारा ऐकवेना. दोन वर्षांनी मी भर पेढीवर, गादीवरच्या सगळ्यांसमोर, तुमचे डॉक्टरही होते, स्वच्छ शब्दांत म्हटलं, "शिंकेला डॉक्टर बोलावतो आणि माणूस जात असताना भाकरी कुस्करतो, त्याला म्हणायचं उशीरवैद्य."

मग कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. संध्याकाळपर्यंत नाव घाटावर पोचलं. तुमचे डोळे मिटेपर्यंत पेठ तुम्हाला पाठीमागे उशीरवैद्यच म्हणत होती, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. ते मी केलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पुढे मी नर्सिंग केलं, मॅट्रन होऊन निवृत्त झाले. माझ्या वॉर्डात पारा बघितल्याशिवाय कुठल्याही तापाला नाव पडलं नाही. पोरी मला टरकून असायच्या. असू देत.

पण पेढीवरच्या त्या दिवशीचं एक राहिलंच. सगळे पांगले. तुम्ही हळदीने माखलेले हात धोतराला पुसलेत, ते नाव एकदा स्वतःशीच म्हणून बघितलंत आणि मला म्हणालात, "झकास जमलंय. 'उशीर' हा शब्द आधी घेतलास ते बरं केलंस." सौद्यातला दगडी चेहरा. मग उठून आत गेलात.

रुमालाखाली काय होतं, अण्णा? मी घाव घातला होता, दाद मागितली नव्हती. तुम्हाला लागलं की नाही? इतक्या वर्षांत हजारो चेहरे बघितले, न सांगितलेली दुखणी ओळखली, पण तुमचा तो चेहरा मला वाचता आलेला नाही. हे पत्र पेटीत पडणार नाही. "नाही लागलं" असं तुमच्या अक्षरात आलं, तर ते वाचायची माझी छाती नाही.

तरीही उत्तर लेखी हवं. थट्टा नको, नवीन नाव नको, हो की नाही एवढंच. येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजायच्या आत.