उचगावचा प्लॉट जागेवरच आहे

कोल्हापूर, बुधवार

चि. सम्मेद यास पार्श्वनाथकाकाचा जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

तिकडे लीड्सला थंडी पडली असेल. कानटोपी घालत जा, इंजिनिअरलाही कान असतात. इकडे माझे गुडघे सोडून सर्व क्षेम. कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की तुझी आत्या वाचते, आणि तिनं वाचलं की काय होतं हे सांगण्यासाठीच हा प्रपंच.

रविवारी तू तुझ्या वडिलांशी, आण्णांशी, व्हिडिओवर बोललास. त्यांनी ‘जेवलास का’ हे चौथ्यांदा विचारलं तेव्हा तू ओरडलास, मग ते ओरडले, मग फोन बंद झाला. पाच मिनिटांनी ग्रुपवर तुझं वाक्य उमटलं: आण्णा हॅज लॉस्ट द प्लॉट. संस्कृतच्या मास्तरानं करायचं ते मी केलं, अन्वय लावला. कर्ता आण्णा, कर्म प्लॉट, क्रिया गमावण्याची. वाक्य निर्दोष. (तुला संस्कृतात अठ्ठ्याण्णव मी मिळवून दिले होते, उरलेले दोन तुझ्या अक्षरानं घालवले.) आणि आपल्या घरात प्लॉट एकच, उचगावचा.

सोमवारी सकाळी मुरगूडहून तुझ्या आत्याचा, आक्काचा फोन. ‘पार्श्वा, झोपलायस काय? प्लॉट गेला की रं!’ दहाला ती स्वतःच पिशवीत खरेदीखताची झेरॉक्स घेऊन दारात. आल्या आल्या तिनं आण्णांना धरलं. ‘कुठं सही करून बसलास? खरं सांग.’ सम्मेद, चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस तो. वीतभर सरकलेली हद्द एसटीच्या खिडकीतून ओळखायचे. ते म्हणाले, ‘केली असंल.’

आक्काला पुरावा मिळाला. मी रिक्षा बोलवायला गेलो.

तिघे रिक्षानं उचगावला गेलो. प्लॉट होता. त्यावर शेजारच्या केरबाच्या दोन म्हशी होत्या. ‘कुणाला इचारून बांधल्यास रं? तूच घेतलास न्हवं प्लॉट?’ आक्का रिक्षातून उतरायच्या आधीच सुरू झाली. ‘अवो आक्का, आण्णांनीच सांगितलंय की बांध म्हणून, गवत तरी निघतंय,’ केरबा म्हणाला. ‘आणि प्लॉट काय चालत जातोय व्हय?’ (अन्वय त्याला माझ्यापेक्षा बरा लागला.) हे चाललं असताना आण्णा कोपऱ्यात उकिडवे बसून हद्दीच्या दगडावरची माती हातानं झाडत होते. दगड सरळ आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, ‘पार्श्वा, जागा झ्याक हाय. कुणाची म्हणायची?’

संध्याकाळी माझी लेक आदिती कागलच्या कंपनीतून आली. तिनं तुझं वाक्य वाचलं आणि सांगितलं की हा प्लॉट म्हणजे गोष्टीचा धागा. तो सुटला म्हणजे माणसाचं भान सुटलं, ताबा गेला.

‘म्हंजे प्लॉट हाय?’ आक्कानं विचारलं.

‘आहे, आत्या.’

‘मग गेलं काय?’

दिवस मावळत आला तरी आक्का पानावर बसली नाही. (मावळल्यावर ती जेवत नाही, म्हणजे आता सकाळपर्यंत उपास.)

तुझं इंग्रजी अचूक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त रविवारी त्या फोनवर भान दोघांचं सुटलं होतं, तेव्हा कर्ता द्विवचनी हवा होता. (द्विवचन मराठीत नाही, इंग्रजीतही नाही, अशा वेळी फार गैरसोय होते.) त्यातल्या एकाला ते भान परत मिळण्यासारखं आहे. प्रकृतीस जप.

तुझा,
पार्श्वनाथकाका

ता. क. मेंदूच्या डॉक्टरांनी अठरा तारीख दिली आहे. सोबत मुलगा असला तर बरं, म्हणाले. तो परदेशी असतो, त्याला जमणार नाही, असं मी तुझ्या वतीनं सांगून आलो आहे. मला खोटं पाड.

आणखी ता. क. पाकिटावरचा पत्ता मीच घालणार म्हणून आण्णा हटून बसले. अक्षर अजून मोजणीच्या नकाशावरच्यासारखं. तुझं नाव, सांगलीचं इंजिनिअरिंगचं होस्टेल, खोली नंबर अकरा, पिनकोडसुद्धा बरोबर. तिथून बाहेर पडून तुला सतरा वर्षं झाली. म्हणून पत्र दुसऱ्या पाकिटातून पाठवतो आहे आणि त्यांचं पाकीट आत ठेवलं आहे. उद्या ते ‘पोचलं का’ म्हणून विचारतील. मी पोचलं म्हणून सांगणार आहे.