आईंची मूठ

टाकवे बुद्रुक
ता. १२ जानेवारी २०२५

चि. सौ. अपेक्षाताई यांना वहिनीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

हितं सगळं ठीक. तुमचे भाऊ कामावर जातात. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते.

परवा तुम्ही लोणावळ्याहून आलात. आईंच्या लकव्यानं लुळ्या पडलेल्या उजव्या हातात हात दिलात, आणि त्यांनी मूठ घट्ट मिटली. तुम्ही रडलात. तवापासून आळीत एकच, म्हातारीनं लेकीला वळखलं. शेजारच्या भागुबाई म्हणाल्या, रक्ताचं ते रक्ताचंच.

दिवाळीपासून त्यांची कूस मी बदलते, अंघोळ मी घालते. मी पेज भरवायला बसले की तोच हात कसाबसा उचलून चमचा ढकलतात. काल पेज माझ्या लुगड्यावर सांडली. लय झोंबलं. तुम्ही घटकाभर येता आन् सगळं घेऊन जाता.

राग आला तर येऊ द्या, पण माया आटू देऊ नका.

तुमची वहिनी,
अनिता


लोणावळा
ता. १६ जानेवारी २०२५

ती. सौ. अनितावहिनींना सप्रेम जयभीम.

पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि डोकं फिरलं. तशीच इथल्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंकडे गेले. आईनं मलाच ओळखलं, हे त्यांच्या तोंडून वदवून तुम्हाला कळवायचं होतं.

त्या म्हणाल्या, डोक्यावर आपण हेअरबँड लावतो ना, साधारण तिथेच मेंदूत एक पट्टी असते. मनात आलं की हात हलवायचा हुकूम तिथून सुटतो. डाव्या बाजूचा उजव्या हाताला. आईची तीच बाजू दुखावली आहे. अशा माणसाच्या तळहाताला काही लागलं की मूठ आपोआप मिटते, तान्ह्या बाळाची मिटते तशी. माझ्याऐवजी लाटणं दिलं असतं तरी तिनं धरलं असतं.

मग चमच्याचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की उजव्याच हातानं? नको वाटलं म्हणून हात उचलणं, हे आपोआप होत नाही, हा मनातून सुटलेला हुकूम आहे म्हणे. प्रत्यक्ष बघून नक्की सांगतील. रविवारी त्यांना घेऊन येते.

म्हणजे आई हात हलवू लागली ती तुमच्यासमोर, वहिनी. घरी येईपर्यंत मी तुमच्यावर जळत होते.

तरी माझ्यावरची माया कमी करू नका.

अपेक्षा


टाकवे बुद्रुक
ता. २१ जानेवारी २०२५

चि. सौ. अपेक्षाताई यांना सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

रविवारी बाईंनी तपासून तेच सांगितलं, तवा तुम्ही मागं भिंतीला टेकून उभ्या होता. तुमचं तोंड बघवलं न्हाई. तुम्ही गेल्यावर भागुबाई आल्या, डाक्टरीन काय म्हणाली म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं, हात सुधारतोय. मुठीचं बोलले न्हाई. लेकीला वळखलं, असंच राहू द्या आळीत. मला खरं ठाऊक हाय, तेवढं मला पुरतं.

येत राहा. तुमच्या वहिनीला तुमची सय येते.

अनिता