सवलत नको म्हणणारं गाव

लून लेक, मिनेसोटा
एप्रिल, मंगळवार

प्रिय आर्डिस,

निवडुंगाचं चित्र असलेलं तुझं पोस्टकार्ड पोचलं. तिकडे अ‍ॅरिझोनात तुझी बहीण रोज सकाळी पोहते म्हणे. इथे मी आज तळ्यावर दगड भिरकावला, तर तो बर्फावरून घसरत थेट शेजारच्या ड्युएनच्या होडीच्या धक्क्याला जाऊन लागला. तळ्याकाठचं तुझं घर घ्यायला सेंट पॉलचा कोणी दातांचा डॉक्टर तयार आहे आणि त्याला महिनाअखेर उत्तर हवंय, हेही वाचलं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. घर तुझं, बहीण तुझी, ऊनही तुझं. तू मशीनचं काय झालं विचारलंयस, तेवढंच सांगतो.

ऑक्टोबरात निघताना तू म्हणालीस, "वेंडेल, या कार्डाच्या मशीनचा बंदोबस्त कर, नाहीतर एक दिवस ते दुकान चालवेल आणि तू त्याच्याकडे नोकरीला असशील." त्याच वेळी तुझ्या गाडीत पेट्या चढवता चढवता मीही काहीतरी बोललो होतो, पण वारा फार होता. असो. तू गेल्यावर मी त्या मशीनच्या कंपनीचे कागद काढून वाचले. वाचलं ते बरं झालं, आणि इतकी वर्षं वाचलं नाही तेही बरंच झालं, निदान झोप तरी लागत होती. मोठ्या खरेदीवर ते शेकड्यामागे थोडंसं घेतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येक वेळी कार्ड लावलं की वर ठरावीक तीस सेंट वेगळे. आता माझ्याकडे येणारा माणूस घेतो काय? एक डॉलरची कॉफी आणि गळाला लावायच्या आमिषाचे डझनभर छोटे मासे. म्हणजे मी कॉफी ओतायची आणि कपाचा तिसरा हिस्सा कोणीतरी परस्पर पिऊन जायचं. शिवाय मशीनचं भाडं. शिवाय कसलासा वार्षिक फॉर्म मी भरला नाही म्हणून दर महिन्याला दंड. असंच चाललं असतं तर येत्या हंगामानंतर दुकानाला कुलूप लावावं लागलं असतं.

म्हणून पहिली पाटी लावली : कार्डाने पैसे दिल्यास तीन टक्के जास्त. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. ड्युएनने चष्मा लावून पाटी वाचली आणि म्हणाला, "हं. वेगळंच आहे." आपल्याकडे 'मुळीच आवडलं नाही' याला 'वेगळंच आहे' म्हणतात, तुला सांगायला नको. कॉफीच्या टेबलावर आठवडाभर सगळे फक्त हवामानावर बोलत होते. मी पाटी उतरवली.

दुसरी पाटी जास्त हुशारीने केली. सगळ्या किमती किंचित वाढवल्या आणि लिहिलं : रोख देणाऱ्याला सवलत. हिशेब तोच, फक्त तोंड गोड. पण आर्डिस, मी आपली माणसं विसरलो. कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको नको', दुसऱ्यांदा 'उगाच कशाला', आणि तिसऱ्यांदा 'बरं, तू एवढं म्हणतोयस तर'. जन्मभर मी स्वतः हेच करत आलो. तर ड्युएनला पंचवीस सेंट परत देऊ लागलो. तो म्हणाला नको. मी म्हटलं घे. तो म्हणाला उगाच कशाला, तुझंही दुकान आहे. मग माझ्या पाठीचं विचारून झालं, त्याच्या गुडघ्याचं झालं, मागे रांग दारापर्यंत गेली, तेव्हा कुठे त्याने ते पंचवीस सेंट घेतले. रांगेतल्या प्रत्येकाचं हेच. बर्फाला भोक पाडून मासे धरायला निघालेली माणसं दुपारपर्यंत माझ्या दुकानातच, आणि बादलीतल्या आमिषाने तोवर जीव सोडलेला. पास्टर हॉग्लंडनी तर सवलत घेतली आणि चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या देणगीच्या डब्यात टाकली. त्यांचं पाहून सगळ्यांनीच टाकली. छपराचं काम उत्तम झालं. माझं दुकान तिथेच.

शेवटी कंपनी सोडायची ठरवून फोन केला. पलीकडे एक मुलगी होती, स्वभावाने चांगली. मी सोडतो म्हणालो, पण तसाच फोन ठेवणं बरं दिसेना. तिच्याकडची हवा विचारली. तिच्या आईची शस्त्रक्रिया झाल्याचं कळलं, मग तिचंही विचारलं. मग म्हटलं, चला, येतो तर मग, आणि आणखी अर्धा तास बोललो. तिसऱ्या 'येतो तर मग'ला तिने आपणहून मशीनचं भाडं काढून टाकलं. चौथ्याला तो फॉर्म फोनवरच भरून घेतला आणि दंड बंद केला. मी अजून त्याच कंपनीत आहे. तिच्या आईला आता काठीशिवाय चालता येतं.

उरले ते तीस सेंट. त्यांचा तोडगा चर्चच्या पॅनकेक न्याहारीत सापडला. तिथे कसं एकदाच तिकिटांचं पुस्तक घेतो आणि मग नुसतं फाडत जातो? तसे मी पास छापले. वीस डॉलर एकदाच द्यायचे, कार्ड एकदाच लावायचं, मग प्रत्येक कॉफीला आणि माशांच्या प्रत्येक डझनाला मी पासावर एक भोक पाडतो. कोणी कोणाला काही देऊ करत नाही, त्यामुळे कोणाला नको म्हणावं लागत नाही. गाव सुखी आहे. ड्युएन पास गळ्यात अडकवून हिंडतो. दुकान यंदाच नाही, पुढेही चालेल.

तर मशीनचं हे असं झालं. आता काउंटरवर पूर्वीसारखी तुझ्या मदतीची गरज राहिली नाही, हे मुद्दाम लिहितो, म्हणजे त्यासाठी बोलावतोय असं तुला वाटायला नको. दोन वर्षांपूर्वी धक्क्यावर मी म्हणालो होतो की माझ्या घरात शेगडी दोघांसाठीही तेवढीच जळते. तू म्हणालीस, "नको नको, तुला कशाला त्रास." ऑक्टोबरात पेट्या चढवताना पुन्हा तेच म्हणालो. वारा होता, पण तू ऐकलंस, कारण तू म्हणालीस, "उगाच कशाला, वेंडेल." हिवाळाभर मी ते खरं मानून बसलो होतो. मग ड्युएनचं पंचवीस सेंटना नको म्हणणं आठवलं आणि वाटलं, मूर्खा, तू तर दोनदाच विचारलंयस. दातांच्या डॉक्टरला घर दे किंवा देऊ नकोस, पण तू इकडे ये, माझ्या घरी, माझी बायको म्हणून. तुझ्याशिवाय इथे मला करमत नाही. हे तिसऱ्यांदा विचारतोय.

तुझाच,
वेंडेल

ता. क. आपल्याकडे चौथ्यांदा विचारायची रीत नाही. पण मी विचारीन.