भिंतीच्या दुसऱ्या टोकाला

२ फेब्रुवारी, रविवार

तीन संकल्प. एक, ही डायरी रोज लिहायची. दोन, पहिल्या वर्षाच्या वर्गाला ‘जगाची प्रादेशिक ओळख’ हा पेपर यंदा जुन्या नोट्स न वाचता शिकवायचा. तीन, घरातल्या पॅसेजच्या लांब भिंतीवर स्वतःच्या हाताने जगाचा नकाशा रंगवायचा.

तिसऱ्यामागे कारण आहे. पुढच्या महिन्यात कॉलेजात प्राध्यापकांचा वादविवाद. विषय : जागतिकीकरणामुळे जग जवळ आलं आहे काय? ‘हो’ म्हणणार अर्थशास्त्रवाला. ‘नाही’ म्हणणार मी. येताजाता भिंतीएवढं जग बघून अशी तयारी करीन की त्याची बोलती बंद.

ही म्हणाली, त्या भिंतीला पोपडे आलेत, ते आधी कोण काढणार? वैचारिक काम काढलं की ही पोपड्यांवर येते.

३ फेब्रुवारी

आज वेळ नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

रंग आणले. जागतिकीकरणाच्या विरोधकाने इथलाच माल वापरावा म्हणून देशी रंग मागितला. दुकानदार म्हणाला, डबा इथला, आतला रंग बाहेरचा, झाकणाचं सांगता येत नाही. निळा घेतला. तत्त्वाचं पुढच्या डब्याला बघू.

आज मोठा निर्णय झाला. पृथ्वी गोल, भिंत सपाट. म्हणजे गोळा कुठेतरी उभा कापून उलगडावा लागतो. कुठे कापायचा ते रंगवणाऱ्याच्या हातात. आजवर लोकांनी आपापल्या सोयीने कापला. मी आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागून कापला. त्यामुळे आपला देश पहिला, डाव्या टोकाला, बाहेरच्या दाराशी. मग पूर्वेकडे सरकत सरकत बाकीचं जग, पार बाथरूमपर्यंत. नकाशा म्हणजे भूमिका असते, असं मी वर्गात नेहमी सांगतो. आज भूमिका घेतली. कंबर धरली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

नकाशा पुरा. ग्रीनलंड जरा हाताबाहेर गेलं, स्विचबोर्डावर चढलं आहे. आईने खालून बघितलं आणि म्हणाली, छान झालंय, आता ते स्टूल जागेवर ठेव.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आपल्या पश्चिमेला एक समुद्र आहे. मोठा नाही. त्याच्या पलीकडे माझा धाकटा भाऊ राहतो, तिथल्या बंदराच्या ऑफिसात नोकरीला. मी कापलं ते नेमकं याच समुद्रातून. त्यामुळे आपण दाराशी आणि धाकटा बाथरूमशी. मध्ये सगळे खंड. कापताना हे लक्षात आलं नाही. शास्त्रीयदृष्ट्या चूक अजिबात नाही. पुन्हा रंगवणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्याचा फोन. त्याची बायको मार्चअखेर बाळंत होणार. पहिली खेप, तिला आई नाही. आपल्या आईने दोन-तीन महिने यावं असं त्याचं म्हणणं. आई आधी हरखली, मग घाबरली. विमानात ती कधी बसलेली नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, कुठे आहे रे तो तुझ्या नकाशात, दाखव बरं.

दाखवलं. ती बाहेरच्या दारापासून निघाली. एक हात भिंतीला, एक हात गुडघ्याला. हळूहळू चालत बाथरूमच्या दाराशी पोचली आणि मागे वळून म्हणाली, एवढं लांब?

इथे मी सांगायला हवं होतं, की आई, ही भिंत गोल गुंडाळली तर तुझं टोक आणि माझं टोक एकमेकांना चिकटतील. दोन वाक्यांचं काम. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी हेच शिकवतो. पण तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. मी म्हटलं, हो, लांबच आहे.

हे खोटं नाही. उजवीकडून गेलं तर लांबच आहे.

२० फेब्रुवारी, सकाळ

झोप नीट लागली नाही. अपचन.

शांतपणे विचार केला. आईच्या जाण्याला माझा विरोध नाही. मी तिच्या प्रकृतीचा विचार करतो आहे. गुडघे. तिकडची कोरडी हवा. विमानातलं पाय अवघडून बसणं. रात्री तिला हे बोलूनही दाखवलं. माझी स्वतःची तर काहीच गैरसोय नाही. हिची लॅबमध्ये शिफ्ट असते, तेव्हा सकाळचा चहा, माझा डबा, इस्त्रीवाला, पाण्याची मोटर, एवढंच आई बघते. आणि संध्याकाळी घरी आल्यावर दार उघडायला कुणीतरी लागतं. किल्ली आहे माझ्याकडे. तो प्रश्न नाही.

संकल्प : आज संध्याकाळी आईला नकाशा नीट समजावून सांगायचा.

२१ फेब्रुवारी

काल पाहुणे होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्याने आईला सांगितलं, चार तासांत पोचशील. आईने मला विचारलं, चार तासांत एवढी भिंत कशी संपेल? मी म्हटलं, तो तुला धीर द्यायला बोलतो. तीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाने हे वाक्य आपल्या आईला सांगितलं. डबा उघडला तर आवडीची भाजी. सगळी संपवली, टाकून कशी द्यायची.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हिने गाठलं. अहो, तुम्ही आईंना सांगितलंत का, की दोन्ही टोकं जुळतात? मी म्हटलं, प्रोजेक्शन हा वादाचा विषय आहे, जाणकारांत एकमत नाही. ही म्हणाली, आई तुमच्या, विषय तुमचा, तेव्हा सांगायचं तुम्हीच. पण सांगा.

उद्या नक्की. उद्या तास कमी आहेत.

१ मार्च, शनिवार

आईने धाकट्याला नाही म्हणून कळवलं. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होतो, सगळं ऐकू आलं. लांब पडतं रे, म्हणाली. गुडघे साथ देत नाहीत, म्हणाली. हल्ली फोन आला की ती पॅसेजमधून चालत जाते आणि बाथरूमच्या दाराशी, धाकट्याच्या देशाला टेकून बोलते. आजही तशीच उभी होती.

मला सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. मग पुन्हा जरा सुटल्यासारखं वाटलं. प्रामाणिकपणे लिहितो आहे.

३ मार्च, सोमवार

बाळासाठी आईने मऊ जुन्या कापडाची दुपटी शिवून ठेवली होती. ती कुरियरने पाठव म्हणाली. काउंटरवरच्या बाईने पत्ता बघितला आणि म्हणाली, अहो, हे तर जवळच आहे, परवा मिळेल. मी मागे वळून बघितलं. आई बरोबर आलेली नव्हती, हे माहीत असूनही बघितलं.

पावती आईला दिली नाही. पाकिटात ठेवली आहे.

८ मार्च, शनिवार

वादविवाद झाला. लिहायला हात जड झाला आहे, पण लिहितो.

सुरुवात झकास. मी म्हटलं, शर्ट एका देशाचा, बटण दुसऱ्या देशाचं, म्हणून काय माणसं जवळ आली? मालाला वाट मोकळी, माणसाला हजार अडथळे. मुलांनी बाकं वाजवली. इथे थांबायला हवं होतं. पण ही आईला घेऊन पुढच्या रांगेत बसली होती, आणि मला चेव चढला. मी म्हटलं, जग जवळ आलं की नाही ते अर्थशास्त्राला विचारू नका, माझ्या आईला विचारा. तिची सून बाळंत व्हायची आहे, आणि ही माउली जाऊ शकत नाही, कारण मध्ये अख्खं जग आडवं आलंय.

सगळं सभागृह आईकडे वळून बघायला लागलं. प्राचार्यांनी चष्मा पुसला. आईने पदर सावरला आणि खाली बघितलं.

अर्थशास्त्रवाला उठला. शांतपणे विचारलं, सर, भाऊ कुठल्या शहरात असतात? सांगावं लागलं. तो म्हणाला, अरेच्चा, मी गेल्याच वर्षी तिथे सेमिनारला गेलो होतो. सकाळचा चहा घरी घेतला आणि दुपारी जेवायला तिकडे. हशा पिकला.

मी एक घोट पाणी प्यायलो आणि म्हटलं, अंतर तासांत मोजत नाहीत, मनात मोजतात. प्रचंड टाळ्या. पहिलं बक्षीस मला.

रिक्षात घरापर्यंत मीच बोलत होतो, परीक्षकांच्या गुणपद्धतीवर.

१० मार्च, सोमवार

बक्षीस म्हणून कॉलेजने पृथ्वीगोल दिला आहे. चांगला मोठा, फिरणारा. घरी आणल्यावर त्यावर बघितलं. आपण आणि धाकटा यांच्यात माझी करंगळीसुद्धा मावत नाही. गोल कपाटावर ठेवला, सुटकेसच्या मागे. धूळ बसू नये म्हणून वरून टॉवेल टाकला.

ही म्हणाली, चोरीचा माल आहे का?

संकल्प : रविवारी सगळं सांगायचं. अजून दोन आठवडे हातात आहेत. तिकीट काढून आई सहज वेळेवर पोचेल. म्हणजे तसं बघता बिघडलेलं काहीच नाही. उगाच मनाला लावून घेतलं.

१४ मार्च, शुक्रवार

धाकट्याला मुलगी झाली. पहाटे. दोन आठवडे आधीच.

फोन मी घेतला. आवाज दमलेला. बाळ-बाळंतीण ठीक आहेत. पण अचानक कळा सुरू झाल्या, धाकटा बंदरावर होता, शेजारणीने तिला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. चार तास ती तिथे एकटी होती. आई कुठे आहेत, असं सारखं विचारत होती म्हणे. धाकट्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. सहज सांगितलं. दादा, तू आईला सांभाळ, तिला प्रवास झेपला नसता, असंही म्हणाला. मी हो म्हटलं.

आईने फोनवर बाळाचा फोटो बघितला. डोळे पुसले. दुपटं तेच आहे, म्हणाली. मग ओट्यापाशी गेली आणि माझा डबा भरला.

कॉलेजात जाऊन आलो. काय शिकवलं आठवत नाही. मी वाईट माणूस नाही. पण चांगला माणूस आज नेमकं काय वेगळं वागला असता, याची यादी करायला बसलो, तर ती फार लांबली.

१६ मार्च, रविवार, सकाळी ११

सांगितलं.

आई भाजी निवडत बसली होती. तिला उठवून भिंतीशी नेलं. म्हटलं, आई, ही दोन्ही टोकं एकच आहेत. मी मध्येच कापलंय. धाकटा या दाराच्या बाहेरच आहे, एवढाच समुद्र ओलांडून. चार तासच लागतात. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी मूग गिळून बसलो. तू वेळेवर पोचली असतीस. मला माफ कर.

आई म्हणाली, “माहीत आहे मला. धाकटा कशाला खोटं बोलेल?”

मी विचारलं, मग गेली का नाहीस?

“मी भिंतीकडे बघून नाही म्हटलं नव्हतं. तुझ्या तोंडाकडे बघून म्हटलं. मला वाटलं, याला मी इथे हवी आहे. आज म्हणेल, उद्या म्हणेल. तू गुडघ्यांचं बोललास, हवेचं बोललास, तिकडे सभेत चारशे माणसांसमोर बोललास. पण आई, राहा, असं मला एकदाही म्हणाला नाहीस.”

शेवटी म्हटलं, “राहा.”

“आता नाही,” ती म्हणाली. “गुरुवारचं तिकीट आहे. तुझ्या बायकोने काल काढून दिलं.”

मग तिने भाजीची परात माझ्याकडे सरकवली आणि बॅग काढायला आत गेली. देठ ठेवायचे की टाकायचे ते मला माहीत नव्हतं. हाक मारून विचारलं. कोवळे ठेव, म्हणाली. कोवळे कुठले ते कळेना, म्हणून सगळेच ठेवले.