टेकडीआडचं जेवण

प्रिय शहाण्या,

पंधरा दिवस झाले, तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही. सूनबाईने शेवटी शेजारणीकडे निरोप ठेवला की आईंची बोटीची मळमळ अजून गेली नसेल तर त्यांना आल्याचा रस घ्यायला सांगा. घेतला. मळमळ आहे तशीच आहे, कारण ती बोटीची नाहीच, तुझी आहे. पोटच्या पोराची किळस येते असं कुठल्या आईने लिहू नये म्हणतात. मी लिहिते आहे. तोंडावर सांगायला आले असते तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून दोन गोड वाक्यं बोलला असतास आणि मी डोळे पुसत चहा टाकायला उठले असते. आजवर असंच होत आलं आहे. तुझ्या आजोबांनी तुला हे नाव उगीच नाही ठेवलं. तू भिंतीलाही पटवशील.

माझ्या सत्तरीसाठी म्हणून तू दिवसभरासाठी यॉट भाड्याने घेतलीस, कप्तान आणि स्वयंपाक्यासकट. वाढदिवस माझा आणि पाहुणा तुझा नवा भागीदार, हे मला बोटीत चढताना कळलं. तरी बोलले नाही. म्हातारीला हल्ली कोण कुठे नेतं, असं मनाशी म्हटलं आणि चढले. चपला काढून वेताच्या टोपलीत ठेवायच्या, कारण लाकडाला ओरखडे पडतात. मग कुणीतरी चिमट्यात धरून ओला टॉवेल पुढे केला, बर्फासारखा गार आणि अत्तराचा घमघमाट. मी त्याने मान पुसली तर सूनबाई कानाशी येऊन म्हणाली, “आई, फक्त हात.” बसायला पांढऱ्या चामड्याच्या गाद्या, उन्हाने तापून पायांना चिकटणाऱ्या. भागीदाराची बायको सारखं अंगाला मलम चोपडत होती, भागीदार सकाळच्या प्रहरी सिगार ओढत होता, आणि तू त्या दोघांमध्ये उभा राहून सांगत होतास की आपण अशा गावाला चाललो आहोत जिथे कोणी जात नाही. मच्छीमारांचं अस्सल गाव, टाचणी पडली तरी ऐकू येईल असं. अस्सल म्हणताना तू असा ओठ चाटत होतास की जसं काही ते गाव ताटात वाढून येणार आहे.

गाव खरंच शांत होतं. धक्क्यावर दोर टाकल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला. जाळी वाळत पडलेली, त्यांना कोणी हात लावत नव्हतं. बायका धक्क्यावर ओळीने बसलेल्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, आणि एकही बोलत नव्हती. सूनबाई म्हणाली, किती निवांत जगतात ना ही माणसं! भागीदाराच्या बायकोने तर त्यांच्या मागे उभं राहून फोटो काढून घेतले. अरे, मी सगळी नोकरी वॉर्डात काढली. ऑपरेशन चालू असताना दाराबाहेरच्या बाकावर माणसं कशी बसतात ते मला ठाऊक आहे. ते निवांत बसणं नव्हतं. मी तुझी बाही ओढली, पण तेवढ्यात भागीदाराने पेटीतून ड्रोन काढलं आणि ते गोमाशीसारखं घोंगावत त्या बायकांच्या डोक्यावरून फिरायला लागलं.

तेव्हा त्यांच्यातली एक उठून आली. पुरुषाचे कोरडे, घडी घातलेले कपडे तिने छातीशी धरले होते. ते खाली ठेववत नव्हते म्हणून हात न जोडता नुसती मान लववून म्हणाली, “तेवढं खाली घ्या हो. आम्हाला ऐकू येत नाही.” काय ऐकू येत नाही ते मागून आलेल्या म्हाताऱ्या होडीवाल्याने सांगितलं. तिचा नवरा आणि धाकटा दीर आदल्या दिवशी पहाटे समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते. होडी परतली नाही की त्या गावात आवाज बंद होतो. रेडिओ नाही, किनाऱ्यावर इंजिन लावायचं नाही, भुंकणारं कुत्रं घरात कोंडायचं. इंजिन बंद पडलेली माणसं रिकामा डबा बडवत राहतात, आणि वारा पडला की तो आवाज पाण्यावरून फार लांब येतो. म्हणून सगळं गाव कान देऊन बसलं होतं, आणि आपण त्याला निवांतपणा म्हटलं. बाकीच्या होड्या दक्षिणेला शोधत होत्या. उत्तरेला समुद्रात घुसलेली टेकडी आणि तिच्यापुढे काळे खडक. तिकडे जायला एकच होडी उरली होती, तीही डुगडुगती. म्हाताऱ्याने आपल्या यॉटकडे पाहिलं. जरा खडकांपर्यंत फिरवून आणता का, एवढंच म्हणाला. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. “काका, तुम्ही निर्धास्त राहा. ते आमचेच भाऊ आहेत.” मला तुझा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! आता ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

टेकडीला वळसा घालताना बोट हेलकावली, मला घेरी आली आणि मी खालच्या खोलीत जाऊन पडले. थोड्या वेळाने नांगराची साखळी खडखडली. वाटलं, कान देण्यासाठी थांबला असाल. वर आले तर गाणी लावलेली, टेबल मांडलेलं, भागीदार पाण्यात डुंबतो आहे आणि स्वयंपाकी ताटं सजवतो आहे. कप्तान तुला विचारत होता की खडक अजून पुढे आहेत, जायचं ना? तू म्हणालास, तिकडे लाटा आहेत, पाहुण्यांना त्रास होईल, शिवाय संध्याकाळच्या आत बोट परत द्यायची आहे. मी म्हटलं, अरे, ती बाई कपडे घेऊन बसली आहे. तू माझ्या ताटातल्या माशावर लिंबू पिळत म्हणालास, “आई, त्या लोकांना सवय असते.” लिंबू पिळत! भागीदाराची बायको कोळंबीची सालं समुद्रात भिरकावत होती आणि एकेक बोट चोखत होती. तिच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं. तू तिच्या कसल्याशा विनोदावर हसलास तेव्हा तुझे दात मला पहिल्यांदा परक्या माणसाचे वाटले. मी ताट सरकवलं. तू कप्तानाला म्हणालास, आईला बोट लागली.

एवढ्यावर थांबला असतास तर मी मनाची समजूत घातली असती की पोरगा सुखाला सोकावला आहे, जगात असे पुष्कळ असतात. पण परतताना सूनबाईला जाळ्यांपाशी फोटो हवे होते म्हणून यॉट पुन्हा धक्क्याला लागली आणि म्हातारा धावत आला. तू चेहरा पाडलास. मी बाजूलाच होते. आधी नॅपकिनने तोंड पुसलंस आणि मग चेहरा पाडलास. म्हणालास, “काका, सगळे खडक पालथे घातले. काही दिसलं नाही.” आमच्या वॉर्डात नव्या आलेल्या मुली घाईच्या वेळी थर्मामीटर न लावताच तक्त्यावर ताप लिहून मोकळ्या व्हायच्या. मी त्यांना फाडून खायची. बाई गं, विसरलीस तर जागा कोरी ठेव, कोरी दिसली तर दुसरी कोणी ताप घेईल. तू आकडा लिहिलास की त्या पेशंटकडे कोणी फिरकणार नाही. आणि शहाण्या, तू तर साधी कोरी जागाही ठेवली नाहीस. म्हाताऱ्याने तुझे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले आणि ती उरलेली एकुलती होडीसुद्धा दक्षिणेला धाडली. उत्तरेची बाजू बघून झाली होती ना!

लहानपणी मी तुला वरच्या मजल्यावरच्या आजारी आजींना डबा द्यायला पाठवायची. तू जिन्यातच बसून तो खायचास आणि खाली येऊन सांगायचास की आजी म्हणाल्या, भाजी फार छान झाली. भाजी छान झाली! तुझे बाबा हसून लोटपोट व्हायचे आणि आल्यागेल्याला ती गोष्ट सांगायचे. मीही हसायचे. धक्क्यावर तुझ्याकडे बघताना मला ती आजी आठवली. तेव्हा तिच्या पोटात काय पडलं असेल, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

मी पाय मोकळे करायचं निमित्त करून उतरले. ती बाई पुन्हा जागेवर जाऊन बसली होती. तिला सांगायचं होतं की माझा मुलगा खोटं बोलला, तो खडकांपर्यंत गेलाच नाही. इतकं साधं वाक्य. तोंडातून निघालं ते असं की माझा मुलगा म्हणतो, उन्हाच्या तिरिपेने नीट दिसलं नसेल, तुम्ही एकदा बघाच. आईची जात वाईट. घाण तू केलीस आणि मी तिच्यावर पांघरूण घातलं. ती ताडकन उठली, मासळीची रिकामी बादली उचलली आणि दगडाने बडवायला लागली. वल्ही मारत बाहेर निघालेली ती होडी थबकली, वळली, जवळ आली आणि मग उत्तरेला गेली. मी तिला माझा नंबर दिला, तुझाही दिला, आणि येऊन चपलांच्या टोपलीपाशी बसले. परतीच्या वाटेवर तू विचारलंस, “काय आई, मजा आली ना?”

मध्ये उठून दार उघडून आले. नळवाला आला होता, मोरीतला नळ गळतो आहे. झालं मावशी, म्हणून निघाला तर मी त्याला परत बोलावून माझ्यासमोर नळ सोडायला आणि बंद करायला लावलं. बिचारा चमत्कारिक नजरेने बघत गेला. माझं हल्ली असं झालं आहे.

ते सापडले, हे तुला माहीत आहे. ऊन उतरायच्या आत, काळ्या खडकांच्या खाचेत, फुटक्या होडीला धरून बसलेले. धाकटा अजून इस्पितळात आहे. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती ऐक. दुसऱ्या दिवशी थोरल्याने मला फोन केला. हसत होता रे. म्हणाला, “मावशी, गंमत सांगू? दुपारी आम्हाला गाणी ऐकू येत होती. धाकट्याला म्हटलं, झालं, आता भ्रम व्हायला लागला. तरी डबा बडवत होतो जोरजोरात, पण गाणंच थांबेना.” मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन ओकले. डबा बडवून त्याच्या तळहाताची सालं निघाली आहेत, आणि तू तिकडे लिंबू पिळत होतास. मग त्याच्या बायकोने आभार मानायला तुलाही फोन केला. मी दिलेल्या त्या नंबरामागे एक वेडी आशा होती, की तिचा आवाज ऐकून तू निदान चाचरशील. तू तसूभरही चाचरला नाहीस. “वहिनी, माणुसकी म्हणून एवढं तर करायलाच हवं,” म्हणालास म्हणे. तिने ते मला कौतुकाने सांगितलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. आणि बीळ खणलेलं माझं, हे माझं दुखणं.

आज सकाळी तुझा निरोप ऐकला. तुमच्या उद्योजकांच्या संघटनेने रविवारी तुझा सत्कार ठेवला आहे. थोरल्याला आणि त्याच्या बायकोला गाडी पाठवून व्यासपीठावर आणणार आहेत, त्यांच्या हातून तुला मानपत्र देणार आहेत, आणि शेवटी आईने चार शब्द बोलावेत, लोकांना ते फार भावतं, असं तू म्हणतोस. येते. इस्त्रीचे कपडे काढून ठेवले आहेत. मी त्यांना टेकडीआडचं ते जेवण सांगणार आहे, ती गाणी कुठून येत होती ते सांगणार आहे, आणि त्या बाईशी मी स्वतः काय खोटं बोलले तेही. त्याआधी तू जाऊन त्या दोघांच्या समोर बसून हे सांगितलंस आणि सत्कार नाकारलास, तर मी घरी बसेन आणि तुझा फोनही उचलेन. गावाला रस्ता आहे, बस जाते. यॉटच लागते असं नाही. तू जाशील असं मला वाटत नाही. तरी हे पत्र आधी धाडते आहे, कारण वॉर्डात सुई टोचण्यापूर्वी आम्ही पेशंटला सांगायचो, मग तो पेशंट कितीही नकोसा का असेना.

किळस आली तरी तुझीच,
आई