कोन कुठून मोजलाय

दि. ३ जून

चि. धाकटीस अ. उ. आ.

टिटवी सुखरूप पोचली. म्हणजे शरीराने, जीभ अजून तुझ्याकडेच आहे. सकाळपासून मावशी असं सांगते, मावशी तसं करते. पोटची पोर, पण आईचं नाव काही तोंडात नाही.

आपण दोघी एकच विषय शिकवतो. वर्षभर मी तिच्यापुढे सदिशांचे बाण काढून थकले. बाईसाहेब आडव्या घटकाला डोळे झाकून कोसाइन लावायच्या, मग कोन जमिनीशी असो नाहीतर भिंतीशी. आणि सुट्टीत तुझ्याकडे राहून आली, तर बाणांच्या बेरजा काय, घटक काय, सगळं फटाफट. काल तर जाहीर केलं, बारावी मावशीकडेच करणार. सरळच लिहिते, माझा जळफळाट होतोय. काय घुटी पाजलीस तिला, ते कळव.

लोभ असू दे, माझ्या लेकीवर मात्र जरा बेतानेच.

तुझी ताई

दि. १० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

घुटी कसली डोंबलाची. माझं पुस्तकांचं कपाट सरकवायचं होतं. दोन दोऱ्या बांधल्या, एक तिने ओढली, एक मी, आपापल्या बाजूला. कपाट निघालं दोघींच्या मधल्याच वाटेने. ती खाली बसून हसत सुटली, आणि त्या दिवसापासून गणितं सुटायला लागली.

आता माझंही ऐक. प्रत्येक गणिताआधी ती स्वतःलाच दटावायची, की गाढवे, आधी कोन कुठून मोजलाय ते बघ. वाक्य तुझं, सूर तुझा, गाढवेसकट. मी इतकी वर्षं वर्गात घसा फोडतेय, पण माझं एक वाक्य असं कुणाच्या तोंडात बसलेलं नाही. मला तुझा इतका हेवा वाटला, की त्या नादात भाजी करपली.

ती मला हवी आहे, ताई. घर खायला उठतं. पण तू म्हणशील तसं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी

दि. १७ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझी भाजी करपल्याचं वाचून फार बरं वाटलं. दोनदा वाचलं.

पण पोर म्हणजे काही कपाट नाही, आपण दोघींनी ओढायला. तिलाच विचारलं. जायचं म्हणाली, एका दमात. रविवारी पाठवतेय.

तिकडे माझ्या आठवणीने रडली, तर लगेच कळव. नाही रडली, तर कळवू नकोस.

तुझी ताई