दरीतला आकडा

१० जानेवारी

प्रिय ताई,

कशी आहेस? भावजींचा खोकला गेला का? मी मजेत आहे, म्हणजे दोन मोजे, दोन स्वेटर आणि वर तुझी जुनी शाल अशी मजेत. ऑफिसात हीटर एकच, आणि तो कायम साहेबांच्या पायाशी. बाकी आम्ही सगळे चहावर जगतोय.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'जेवलीस का' झालं की लगेच 'चल, ठेवते'. हे पाकीट बसच्या ड्रायव्हरकाकांकडे देतेय, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. आणि नीट वाच, चहा ढवळता ढवळता नको.

आधी चांगली बातमी. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं! थंडीची लाट आल्यापासून आपल्या भागाचा हवामानाचा अंदाज मीच तयार करते. कुठल्या गावात उद्या पारा किती खाली जाईल ते मी टाकायचं, साहेबांनी बघायचं, की गेलं लोकांकडे. आणि दरीचा माझा आकडा रोज बरोबर येतोय. म्हणजे साधारण नाही, पॉइंटसकट. साहेब म्हणाले, "ही पोरगी रात्री दरीत जाऊन झोपते की काय?"

मी हवेत. आणि मग जमिनीवर. कारण पॉइंटसकट रोज कोणाचं बरोबर येतं गं? दरी म्हणजे सगळ्यात अवघड जागा. थंड हवा वरून घसरत येते आणि तळाशी साचून बसते. आमच्या कॉम्प्युटरला ते दिसतच नाही. म्हणून तर तिथे माणूस लागतो. आता तिथे कोण आहे ते तुला मी काय सांगू. आपण फ्रॉकमध्ये होतो तेव्हापासून बाबा रोज उजाडताना अंगणातल्या पांढऱ्या पेटीतला थर्मामीटर बघतात आणि ऑफिसला फोन करतात.

पण मी बाबांबद्दल नाही बोलत. मी साहेबांबद्दल बोलतेय.

मला साहेबांचा संशय येतोय. दरीत पारा मायनस आठच्या खाली गेला की लाल सूचना काढावी लागते. मग शाळा बंद, पाइप रिकामे करायचे, मोठा हॉल उघडून म्हाताऱ्या माणसांना तिथे शेगडीजवळ आणायचं. गेल्या वर्षी साहेबांनी अशी सूचना काढली आणि थंडी आलीच नाही. वरून त्यांना चांगलीच बोलणी बसली. तेव्हापासून 'लाल' म्हटलं तरी त्यांचा चेहरा पांढरा होतो. मला वाटतं, बाबांनी सांगितलेला आकडा ते लिहिताना थोडा उबदार करतात. माझ्या अंदाजाला चिकटवून टाकतात. कोणाला कळणार?

कारण ड्रायव्हरकाका काल काय म्हणाले ऐक. "तुमचं ऑफिस कुठल्या देशाचा अंदाज देतं गं? मायनस चार म्हणे! दरीत माझ्या टाकीत डिझेलचं तूप झालं होतं." मायनस चारला असं होत नाही, ताई. मी वाचून काढलंय.

आणि चार दिवसांपूर्वी माझ्याकडून एक घोळ झाला. दरीचा आकडा तळ्याकाठच्या गावाला गेला आणि तळ्याकाठचा दरीला. म्हणजे अंदाजात दरीला चक्क मायनस एक! कळलं तेव्हा उशीर झाला होता.  आणि सकाळी दरीतून आकडा किती आला असेल? मायनस एक. सगळे हसले. साहेब म्हणाले, "बारकी चुकली तरी बरोबर येते!"

मला नाही हसू आलं.

उद्यापासून सकाळचे फोन मी घेणार आहे. साहेबांना म्हटलं, शिकायचंय. "घे की," म्हणाले. लगेच तयार झाले, हेही मला बरोबर वाटलं नाही.

तुला म्हणून सांगतेय. भावजींना नको.

तुझी,
बारकी


१३ जानेवारी

ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी 'बरं बरं' म्हटलं, पण ते बरं नव्हतं. पत्र वाचून तू साहेबांबद्दल एक शब्द विचारला नाहीस. एरवी कोणाबद्दल कुजबुज असली की तुझे कान टवकारतात. काल नुसतं एकच, "बाबांकडे जाऊ बिऊ नकोस आत्ता, पायऱ्या निसरड्या झाल्यात." जायचं तर मी लिहिलंच नव्हतं. आणि पायऱ्या निसरड्या आहेत हे तुला तिथे बसून कसं कळलं?

साहेबांची मी माफी मागायला हवी. मनातल्या मनात मागितली. कारण फोन आता मीच घेते आणि आकडाही मीच लिहिते, मध्ये कोणी नसतं. बाबा स्वतः सांगतात. "मायनस चार पॉइंट दोन. लिहिलंस? ठेवतो." आणि माझा आदल्या दिवशीचा अंदाज असतो मायनस चार पॉइंट दोन.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला दोन दिवस लागले.

आठवतं, बाबा बाहेरून पारा बघून आले की कसे बोलायचे? दात वाजतायत, नाक ओढतायत, धाप लागलेली, 'मायनस' म्हणायलाच तीन वेळा सुरुवात करायचे. आपण दोघी पांघरुणात त्यांची नक्कल करायचो. आता ते कसे बोलतात सांगू? गोधडीत बसून बोलल्यासारखे. आवाज गरम आहे त्यांचा, ताई.

मी विचारलं, "बाबा, बाहेर जाऊन आलात ना?"

"मग काय तुझा पारा घरात येतो मला भेटायला?" म्हणाले, आणि फोन बंद.

हे उत्तर नाही. चिडणं झालं हे.

अजून एक. ते मला फोन करतात त्याच्या आधी मी त्यांना करून बघितला. आज आणि काल, दोन्ही दिवस एंगेज्ड. एवढ्या सकाळी बाबांशी कोण बोलतं? शेजारच्या मावशी तर बोलायचं असलं की भिंतीवर थाप मारतात.

तू नाहीस ना?

साधं विचारतेय. तू असशील तर सांग, वडिलांना फोन करणं काही गुन्हा नाही. मग लपवतेस कशाला? माझ्याशी बोलायला तुला वेळ नसतो आणि त्यांना उजाडायच्या आत फोन?

मला सगळ्यांचाच संशय यायला लागलाय. चहावाला म्हणाला दूध ताजं आहे, तर मी वास घेऊन बघितला. तो बिचारा बघतच राहिला.

परवापासून सुट्टी टाकलीय. उद्याचा अंदाज टाकला की संध्याकाळच्या बसनं दरीत जातेय. बाबांना सांगितलेलं नाही, आणि तू पण सांगू नकोस. हे पत्र मुद्दाम बसमध्ये चढतानाच देणार आहे, म्हणजे तुला मिळेल तेव्हा मी तिथे असेन. माझंच मला हे आवडत नाहीये. पण तसंच करणार.

बारकी


१५ जानेवारी, दरीतून

ताई,

तुझे सात मिस्ड कॉल बघितले. उचलले नाहीत. आधी लिहून काढते, मग बोलू.

काल पोचले तेव्हा बाबा फाटकाशी आले नाहीत. आतूनच ओरडले, "कोण? दार उघडंच आहे!" मला बघून त्यांना आनंद झाला, मग लगेच भीती वाटली. दोन्ही मी बघितलं. खुर्चीतून उठले नाहीत. "तूच चहा टाक, मी आत्ताच बसलोय," म्हणाले. पायांवर गोधडी. मी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दोघं मिळून रेडिओ ऐकला. रेडिओवर माझाच अंदाज, दरीत मायनस चार पॉइंट तीन, सोमवारपासून थंडी कमी, शाळा नेहमीप्रमाणे.

सकाळी त्यांच्या आवाजानं जाग आली.

"हां, बोल. किती दाखवतोय? चार पॉइंट तीन? बरं. बारकी आलीय, झोपलीय. नाही गं, काही नाही कळलं तिला."

मग फोन ठेवला, परत उचलला, आणि ऑफिसला सांगितलं, "मायनस चार पॉइंट तीन." गोधडी हललीसुद्धा नाही.

मी खिडकीशी गेले. दारापासून पेटीपर्यंत सगळं अंगण पांढरं. गवताचं पातंन्‌पातं गोठलेलं. त्यावर एक पाऊल नाही. मांजराचंही नाही.

"बाबा, आकडा कुठून आणलात?"

"कुठून म्हणजे? बाहेरून."

"बाहेर तर कोणी गेलेलंच नाही."

 बाबा म्हणाले, "साहेबीणबाई, ऑफिसातनं तपासणीला आलात होय?" आणि त्यांनीच गोधडी काढली. ताई, त्यांचा घोटा बघितलायस का तू? दुधीभोपळ्यासारखा सुजलाय, निळा, हिरवा. लाट सुरू झाली त्याच दिवशी पायरीवरून घसरले म्हणे. तुला माहीत होतं. मला नव्हतं.

"ताईला सांगितलंत आणि मला नाही?"

"तुला सांगणं म्हणजे साहेबाला सांगणं. तो दुसरा माणूस पाठवणार. दुसरा माणूस आला की हे ऑफिसचं क्वार्टर त्याचं. मग मी कुठे जाऊ, तुझ्या हॉस्टेलात कॉटखाली झोपू? थोरलीकडे आधीच सासूसासरे, दोन खोल्या." मग जरा ऐटीत म्हणाले, "आणि मी काय मनानं ठोकत नाही हां. थोरली मोबाइलमध्ये बघून सांगते. उपग्रहावरून येतं ते. माझ्या चष्म्यापेक्षा बरं."

ताई, उपग्रह नाही गं. तुझ्या मोबाइलमध्ये दरीपुढे जो आकडा येतो तो आमच्या ऑफिसचा अंदाज असतो. तो मी टाकते. मी टाकायचे, तू वाचायचीस, बाबा तोच मला परत सांगायचे, आणि साहेब मला शाबासकी द्यायचे. इतके दिवस आपण तिघं आपल्या आपल्यातच बोलत होतो. बाहेर किती थंडी आहे हे कोणी बघितलंच नाही.

मी पेटीपाशी गेले. तुला आठवत असेल, त्या थर्मामीटरच्या नळीत एक बारीक दांडा असतो. थंडी वाढेल तसा तो खाली सरकतो आणि तिथेच राहतो. रोज वाचून झालं की तो परत जागेवर आणायचा असतो. कोणी आणलाच नव्हता. या सगळ्या दिवसांतली सगळ्यात वाईट रात्र त्यानं धरून ठेवली होती.

मायनस तेरा.

आत येऊन सांगितलं. बाबांनी विचारलं, "तेरा?" थोड्या वेळानं परत, "तेरा?" मग ते एकदम म्हणाले, "मावशीला आधी सांग. ती रात्री शेगडी विझवते, लाकूड पुरवायला. मीच म्हटलं तिला, चारच तर आहे."

मी धावले. मावशी ठीक आहेत. पण त्यांची बोटं धरली तर माझी गरम वाटली, आणि त्यांनी मला तीनदा तुझ्या नावानं हाक मारली. त्यांना आणून बाबांच्या खोलीत बसवलं, पाय चुलीपाशी.

मग साहेबांना फोन करायचा होता. बाबा म्हणाले, "हे बघ, थर्मामीटर बिघडला होता म्हण. खोटं काय त्यात? वस्तू बिघडतात."  खरं सांगते, नंबर फिरवेपर्यंत मी तेच म्हणणार होते. वाक्य तयार होतं.

साहेब म्हणाले, "काय गं, सुट्टीवर असून फोन? आजही पॉइंटसकट बरोबर आलंय की!"

मी म्हटलं, "नाही सर. एकही दिवस बरोबर नव्हतं." आणि सगळं सांगितलं. पाय, तुझा मोबाइल, गोधडी, सगळं. बाबा समोर बसून ऐकत होते. माझ्याकडे नाही, मावशींच्या पायांकडे बघत.

 साहेबांनी विचारलं, "तेरा तू स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस?"

"हो सर."

"परत जाऊन बघ. मी धरून थांबतो."

मी परत गेले. राग नाही आला. मीही तेच म्हटलं असतं.

लाल सूचना निघाली. हॉल उघडला, सोमवारची शाळा रद्द, ड्रायव्हरकाका वरच्या घरांतून म्हाताऱ्यांना खाली आणतायत. बाबांच्या चुलीपाशी तर मैफलच जमलीय. सोमवारी साहेब इथलं हवामानाचं स्टेशन बघायला येणार आहेत. ओरडले नाहीत. "वडिलांना म्हणावं, सामानाची घाई करू नका," एवढंच म्हणाले. ह्याचा अर्थ काय लावायचा? मी दहा तऱ्हेनं लावून बघितला, एकही तऱ्हा बरी निघाली नाही.

बाबा माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. पाय दुखत नाही म्हणतात. मी दाबून बघते. गोळी घेतली म्हणतात. मी पाकिटातल्या मोजते. मघाशी त्यांनी ते बघितलं आणि तोंड उघडून दाखवलं, लहान मूल दाखवतं ना, तसं. ताई, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मला असं राहायचं नाहीये. पण तुझ्या फोनवर आता माझा विश्वास बसणार नाही, 'सगळं ठीक आहे' म्हणालीस तर अजिबातच नाही. तेव्हा फोन करू नकोस. सोमवारच्या आत ये. क्वार्टर गेलं तर बाबा कुठे राहणार, हे त्यांच्यासमोर बसून, माझ्याकडे बघून बोल. तुझ्या दोन खोल्या आणि माझी एक, काय असेल ते. नाही जमणार म्हणालीस तरी चालेल. फक्त खरं बोल.

बाहेर मायनस नऊ आहे. आत्ता जाऊन बघून आलेय.

तुझ्यावर रागावलेली, आणि दार उघडं ठेवून बसलेली,
बारकी